पासष्ट प्रथिनांची पोथी

आज मी आपणांस एका ग्रंथाची हकीकत सांगणार आहे. हा ग्रंथ कोणी मनोरंजनासाठी हाती धरला असेल, असे मला वाटत नाही. त्यात कथा नाही, वर्णन नाही, सुभाषित तर नाहीच नाही. पानामागून पान उलटावे, तर अक्षरांच्या ओळी, आकड्यांची कोष्टके आणि कोणत्या शास्त्रज्ञाने कोणत्या नियतकालिकात काय प्रसिद्ध केले याची टिपणे. तथापि गेल्या साठ वर्षांत जीवशास्त्रात ज्या मोठ्या गोष्टी घडल्या, त्यांतील कित्येकींचा माग काढीत गेले म्हणजे आपण याच रुक्ष ग्रंथापाशी येऊन पोचतो. १९६५ साली अमेरिकेतील मेरीलंड राज्यात, सिल्व्हर स्प्रिंग या गावी तो सिद्ध झाला. ‘ॲटलास ऑफ प्रोटीन सीक्वेन्स अँड स्ट्रक्चर’ हे त्याचे नाव. प्रथिनांचा अनुक्रम आणि त्यांची रचना यांचा नकाशासंग्रह, असा त्याचा अर्थ. त्या पहिल्या आवृत्तीत पासष्ट प्रथिनांची नोंद होती.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण मुलांना लहानपणीच शिकवितो. परंतु तळे साचल्यावर त्याचा बांध कोणी राखावयाचा, गाळ कोणी उपसावयाचा आणि पाण्यावर हक्क कोणाचा, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. अनेकांनी कष्टाने मिळविलेले ज्ञान एकाने एकत्र केले, तर तो संग्रह कोणाचा? आणि तो सर्वांचा व्हावयाचा असेल, तर त्याचा खर्च कोणी सोसावयाचा? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता काही माणसांची आयुष्ये खर्ची पडली. त्यांचाच हा इतिहास आहे.

प्रथम, प्रथिनाचा अनुक्रम म्हणजे काय, ते पाहू. प्रथिन हा शब्द आपल्या कानावरून जातो तो बहुधा आहाराच्या संदर्भात. डाळीत प्रथिने असतात, दुधात असतात, एवढे शाळेतील लहान मूलही सांगते. पण रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हेही प्रथिनच, आणि रक्तातील साखरेला आवर घालणारे इन्सुलिन हेही प्रथिनच. शरीरात घडणारी बहुतेक कामे प्रथिनांच्या हातून होतात. प्रत्येक प्रथिन ही जणू मण्यांची एक लांब माळ असते. या मण्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार वीस. कोणता मणी कोणत्या मण्यानंतर येतो, या क्रमावर माळेचा आकार अवलंबून असतो आणि आकारावर तिचे कार्य. हा क्रम म्हणजेच अनुक्रम.

एखादा मणी बदलला तर काय मोठे बिघडते, असे कोणी विचारील. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात. त्यांतील सहावा मणी बदलला, की रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सिकलसेल नावाचा दुर्धर आजार होतो. विदर्भातील आणि सातपुड्यातील अनेक आदिवासी कुटुंबांना या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. या रोगाच्या मुळाशी केवळ एका ॲमिनो आम्लाचा बदल आहे, हे केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली सिद्ध केले. शुद्धलेखनातील एका अक्षराच्या चुकीने अर्थाचा अनर्थ होतो, असे आम्ही शिक्षक मंडळी सांगत असतो. निसर्गाच्या वहीतही तोच नियम लागू आहे.

परंतु हा अनुक्रम वाचावयाचा कसा? प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातूनही त्याचे मणी मोजता येत नाहीत. केंब्रिजचेच फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिन हाती घेतले. इन्सुलिन हे तसे लहान प्रथिन; २१ आणि ३० मण्यांच्या दोन साखळ्या मिळून अवघे ५१ मणी. तरीही त्यांचा संपूर्ण क्रम लावावयास सँगर आणि त्यांचे सहकारी यांना सुमारे दहा वर्षे लागली. १९५५ साली ते काम पुरे झाले आणि १९५८ साली सँगर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामामुळे एक मूलभूत गोष्ट निश्चित झाली: प्रथिनातील क्रम हा यदृच्छेने पडलेला नसतो. तो ठरलेला असतो, आणि म्हणून तो लिहून ठेवता येतो.

यानंतर इतर प्रयोगशाळांतूनही अनुक्रम बाहेर पडू लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हर्स, मूर आणि स्टाइन यांनी १९६० साली रायबोन्यूक्लिएज या १२४ मण्यांच्या प्रथिनाचा क्रम प्रसिद्ध केला. तीनच वर्षांनी, १९६३ साली, त्याच प्रयोगशाळेने त्यात दुरुस्त्या सुचविणारा नवा निबंध छापला. यात लाजण्यासारखे काही नव्हते. चूक सापडली की ती जाहीरपणे सुधारणे हाच शास्त्राचा धर्म. पण ज्याने १९६० चा अंक वाचला आणि १९६३ चा वाचला नाही, त्याने काय करावे? एक अनुक्रम एका नियतकालिकात, त्याची दुरुस्ती दुसऱ्या अंकात, तिसऱ्या प्राण्यातील तेच प्रथिन भलत्याच देशातील नियतकालिकात, अशी स्थिती होती. ज्ञान निर्माण होत होते. ते एका जागी मात्र नव्हते.

ही उणीव जिने ओळखली, ती स्त्री मूळची जीवशास्त्रज्ञ नव्हती. मार्गरेट ओकली डेहॉफ यांचा जन्म १९२५ साली फिलाडेल्फियात झाला. गणिताची पदवी घेतल्यावर त्यांनी १९४८ साली कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्या प्रबंधासाठी लागणारी किचकट गणिते त्यांनी छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या यंत्रांकडून करवून घेतली होती. ही यंत्रे त्या काळी बहुधा व्यापारी हिशेबाच्या कामी येत. पुढे लग्न झाले, दोन मुली झाल्या आणि त्यांच्या संगोपनासाठी काही वर्षे संशोधनापासून दूर राहणे डेहॉफबाईंना भाग पडले. १९६० साली त्या ‘नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन’ या नव्या संस्थेत सहसंचालक म्हणून दाखल झाल्या. संस्थेचे संस्थापक रॉबर्ट लेडली हेही एक विलक्षण गृहस्थ होते. शिक्षणाने दंतवैद्य, नंतर भौतिकशास्त्राचे अभ्यासक, आणि पुढे सबंध शरीराचे चित्र घेणाऱ्या सीटी स्कॅन यंत्राचे जनक. वैद्यक आणि जीवशास्त्र यांत गणकयंत्राचा उपयोग करावा, हा त्यांचा ध्यास होता.

या दोघांनी प्रारंभी जे काम केले, ते एका घरगुती उदाहरणाने सांगतो. एखाद्या लांबलचक पत्राच्या दोन नकला आहेत आणि दोन्ही फाटून त्यांचे तुकडे झाले आहेत, असे समजा. दोन्ही नकला वेगवेगळ्या ठिकाणी फाटल्या असतील, तर एका नकलेच्या तुकड्याचा शेवट दुसऱ्या नकलेच्या तुकड्याच्या मध्यभागी सापडेल. अशा रीतीने तुकडे एकमेकांवर बसवीत गेले की मूळ पत्र पुन्हा वाचता येते. लांब प्रथिनाचा अनुक्रम प्रयोगशाळेत याच मार्गाने मिळे. वेगवेगळ्या पाचक द्रव्यांनी त्याचे वेगवेगळे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकडा वाचावयाचा आणि मग जुळवाजुळव करावयाची. हे जुळवाजुळवीचे काम यंत्राकडून करून घेण्यासाठी लेडली आणि डेहॉफ यांनी १९६२ साली ‘कॉम्प्रोटीन’ या नावाची आज्ञावली रचली. ती आयबीएम ७०९० या त्या काळच्या प्रचंड गणकयंत्रावर चाले.

मात्र यंत्राला अनुक्रम द्यावयाचे, तर ते आधी गोळा करावयास हवेत. म्हणून डेहॉफबाई आणि त्यांचे सहकारी रिचर्ड एक, मारी चँग व मिनी सोचार्ड यांनी नियतकालिके धुंडाळण्यास आरंभ केला. प्रत्येक अनुक्रम उतरवून घ्यावयाचा, मूळ लेखाशी पडताळावयाचा, शंका आली तर शास्त्रज्ञाला पत्र घालावयाचे, आणि मग तो कार्डावर छिद्रांच्या रूपाने नोंदवावयाचा. येथे एक अडचण उभी राहिली. ॲमिनो आम्लांची नावे लांब. ती तीन अक्षरांत आखडून लिहिण्याचा प्रघात होता. पण शेकडो मण्यांची माळ तीन तीन अक्षरांत लिहिली, तर कार्डावरील जागा पुरेना आणि दोन माळा एकाखाली एक मांडून ताडून पाहणेही जड जाई. तेव्हा डेहॉफबाईंनी प्रत्येक ॲमिनो आम्लाला रोमन लिपीतील एकच अक्षर दिले. साध्या ग्लायसीनला जी, ॲलॅनीनला ए. फेनिलॲलॅनीनचा उच्चार फ-काराने सुरू होतो म्हणून त्याला एफ. आणि ज्याच्या रचनेत दोन कडी जोडलेली आहेत त्या ट्रिप्टोफॅनला डब्ल्यू, म्हणजे इंग्रजी नावाप्रमाणे ‘दुहेरी यू’. एकाक्षरी खुणांच्या या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मंडळांनी १९६८ साली मान्यता दिली. आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत प्रथिने याच लिपीत लिहिली जातात. ती लिपी कार्डावरील जागा वाचविण्याच्या खटपटीतून जन्मली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

संग्रह हाती आल्यावर त्याची खरी किंमत कळू लागली. एकटा अनुक्रम मुका असतो. दोन अनुक्रम शेजारी ठेवले की ते बोलू लागतात. सायटोक्रोम सी हे प्रथिन पेशीला ऊर्जा मिळवून देण्याच्या कामी असते. माणसात त्याचे १०४ मणी आहेत. माणूस आणि चिंपांझी यांच्या सायटोक्रोममध्ये एकाही मण्याचा फरक नाही. माणूस आणि ऱ्हीसस माकड यांच्यात एक आणि माणूस व घोडा यांच्यात बारा मण्यांचा फरक आहे. नाते जितके दूरचे, तितका फरक जास्त. म्हणजे जीवसृष्टीची वंशावळ प्रथिनांच्या अक्षरांत लिहून ठेवलेली आहे. १९६६ च्या आवृत्तीत डेहॉफबाई आणि एक यांनी गणकयंत्राच्या साहाय्याने अशा वंशवृक्षांची मांडणी करून दाखविली.

आपल्याकडील सुशिक्षितांना ही पद्धत परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ते १९६६ साली पूर्णतेस गेले. तेथील पंडितांनी देशाच्या नाना भागांतून आणि नाना लिप्यांतून आलेल्या शेकडो पोथ्या ओळीओळीने ताडून पाहिल्या. ज्या पोथ्यांत एकच विशिष्ट पाठभेद किंवा एकच चूक आढळे, त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान ते काढीत. नक्कल करताना झालेल्या बदलांवरून पोथ्यांचे कुळ ठरविणे आणि मण्यांच्या बदलांवरून प्राण्यांचे कुळ ठरविणे, या दोहोंतील तर्क एकच आहे. आणि दोन्हींकडे पहिली अट तीच: सर्व प्रती एका छपराखाली आल्या पाहिजेत.

यापुढे जाऊन डेहॉफबाईंनी आणखी एक सूक्ष्म गोष्ट हेरली. कोणताही मणी बदलून कोणताही मणी सारख्याच सहजतेने येत नाही. काही अदलाबदली वारंवार होतात, काही क्वचितच. निकटच्या प्रथिनांचे ७१ गट तपासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १५७२ बदल मोजले आणि १९७८ साली त्यांवरून एक कोष्टक प्रसिद्ध केले. दोन प्रथिनांतील साम्य खऱ्या नात्याचे आहे की केवळ योगायोगाचे, याचा निर्णय करण्यास त्या कोष्टकाने गणिती आधार दिला. एवढे बदल मोजावयाचे, तर आधी बारा-तेरा वर्षे अनुक्रम गोळा करीत बसावे लागते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

आणि नेमकी हीच गोष्ट तत्कालीन विद्वान विसरत होते. ज्याने प्रयोगशाळेत घाम गाळून अनुक्रम मिळविला, तो संशोधक; ज्याने ते अनुक्रम जमविले आणि पडताळले, तो मात्र कारकून, अशी समजूत दृढ होती. संग्रहाच्या कामी आर्थिक साहाय्य मिळविताना डेहॉफबाईंना वारंवार अडचणी आल्या. काही शास्त्रज्ञ आपले अप्रसिद्ध अनुक्रम पाठविण्यास नाखूश असत. श्रेय आपल्या हातून निसटेल, ही त्यांना धास्ती. जमविलेल्या माहितीवरून डेहॉफबाईंनी स्वतः काही सिद्धान्त मांडला, तर दुसऱ्याच्या शेतातील पीक कापल्याचा आरोप होण्याची भीती. म्हणजे नुसते जमविले तर कारकुनी, आणि त्यावर विचार केला तर अतिक्रमण!

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आपण ऐकले पाहिजे. ॲटलासवर प्रकाशनाचा हक्क संस्थेने राखून ठेवला होता. ग्रंथ विकत मिळे. पुढे त्यातील माहिती चुंबकीय फितींवर मिळू लागली, तीही मोबदला घेऊन आणि इतरांस वाटू नये या अटीवर. संस्थेला लेख वाचणारी, नोंदी तपासणारी माणसे पोसावयाची होती. सरकारी अनुदान त्यास पुरत नव्हते. म्हणून हा मार्ग. परंतु अनुक्रम शोधणारे शास्त्रज्ञ म्हणत, “आमचे अनुक्रम आम्ही फुकट दिले, आणि तेच आम्हांला विकत घ्यावे लागावेत, हा कोठला न्याय?” दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. संग्रह सर्वांचा आहे, हे तत्त्व खरे. आणि संग्रह राखणाऱ्याला पोट आहे, ही वस्तुस्थितीही खरी. या दोहोंचा मेळ घालणारी व्यवस्था त्या काळी अस्तित्वातच नव्हती.

अखेर हा वाद निकराला आला. १९७७ नंतर डीएनए वाचण्याच्या जलद पद्धती निघाल्या. त्यांतील एक पुन्हा सँगर यांचीच होती. डीएनएतील तीन अक्षरांवरून प्रथिनातील एक मणी ठरतो. त्यामुळे डीएनए वाचले की प्रथिनाचा अनुक्रम आपोआप हाती येतो. अनुक्रमांचा ओघ एकाएकी वाढला. डेहॉफबाईंनी डीएनएचाही संग्रह आरंभिला आणि १९८० साली तो टेलिफोनच्या तारेवरून शास्त्रज्ञांना खुला केला. युरोपात हायडेलबर्ग येथे असाच संग्रह उभा राहू लागला. अमेरिकन सरकारने राष्ट्रीय डीएनए-संग्रहासाठी प्रस्ताव मागविले, तेव्हा डेहॉफबाईंची संस्था आणि लॉस ॲलामॉस येथील वॉल्टर गोड यांचा गट हे दोन प्रमुख दावेदार होते. १९८२ साली काम दुसऱ्या गटाच्या बाजूला गेले. त्यांनी संग्रहावर कोणताही मालकी हक्क सांगितला नव्हता आणि दूरवरच्या यंत्रांना जोडणाऱ्या जाळ्यावरून तो मोकळेपणी वाटण्याची तयारी ठेवली होती. ही बाब त्यांच्या पथ्यावर पडली. या संग्रहाचे नाव जेनबँक. १९८२ च्या डिसेंबरात निघालेल्या त्याच्या अंकात ६०६ अनुक्रम होते.

ज्या बाईंनी सतरा वर्षांपूर्वी ही वाट पाडली, त्यांच्या पदरी असा निकाल आला. १९८३ च्या फेब्रुवारीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७.

त्याच वर्षी जुलै महिन्यात एक घटना घडली. माकडांत कर्करोग घडवून आणणाऱ्या एका विषाणूच्या जनुकावरून जे प्रथिन बनते, त्याचा अनुक्रम आणि रक्तबिंबिकांमधून स्रवणाऱ्या, जखम भरून येताना पेशींना वाढीची आज्ञा देणाऱ्या एका प्रथिनाचा अनुक्रम, हे दोन्ही जवळजवळ एकसारखे आहेत, असा शोध लागला. विषाणूने शरीराचीच वाढीची किल्ली पळविली होती. कर्करोग म्हणजे काय, या प्रश्नावर त्यामुळे मोठा प्रकाश पडला. हा शोध कोणा नव्या प्रयोगातून नव्हे, तर अनुक्रमांचे संग्रह चाळता चाळता लागला. लंडनमध्ये मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटाने आणि कॅलिफोर्नियात रसेल डूलिटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध केला. डूलिटल यांनी आपल्या खाजगी संग्रहाला दिलेले नाव ‘नवा ॲटलास’ अशा अर्थाचे होते. ज्या कामाला कारकुनी म्हणून हिणविले, त्याचे उत्तर असे आले. ते ऐकावयास डेहॉफबाई मात्र नव्हत्या.

त्यांचे प्रथिनांचे काम बंद पडले नाही. लेडली आणि विनोना बार्कर यांनी ते पुढे चालविले आणि १९८४ साली त्यांच्या संस्थेने त्याला ‘प्रोटीन इन्फर्मेशन रिसोर्स’ असे सार्वजनिक रूप दिले. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा येथे ॲमोस बैरोक हा तरुण विद्यार्थी आपल्या यंत्रावर ॲटलासमधील अनुक्रम हाताने टंकून घेत होता. असे हजारावर अनुक्रम टंकल्यावर टंकलेखनातील चुका किती सहज होतात, हे त्याला पुरेपूर उमगले. प्रत्येक अनुक्रमाबरोबर पडताळणीचा एक आकडा छापावा, म्हणजे उतरवून घेताना झालेली चूक तत्काळ ध्यानी येईल, अशी सूचना त्याने १९८२ साली एका नियतकालिकाला पत्र लिहून केली. १९८६ च्या जुलैमध्ये त्याने ‘स्विस-प्रॉट’ नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात केवळ अक्षरांची माळ नसे. ते प्रथिन कोणते काम करते, त्याचा कोणता भाग महत्त्वाचा, कोणत्या बदलाने कोणता रोग होतो, हे मूळ निबंध वाचून जाणत्या माणसांनी लिहिलेले असे.

हे वाचन यंत्राच्या वेगाने होत नाही आणि फुकटही होत नाही. १९९६ च्या मे महिन्यात बैरोक यांना जगाला कळवावे लागले, की पैसा संपला असून ३० जूनला संग्रह बंद होईल. तेव्हा कोठे लोक जागे झाले. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी पत्रांचा वर्षाव केला. ज्याच्यावाचून आपले रोजचे काम अडते, ते कोणाच्या तरी अपुऱ्या अनुदानावर उभे होते, हे त्यांना प्रथमच जाणवले. स्विस सरकारने तात्पुरती मदत दिली आणि १९९८ साली या कामासाठी ‘स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स’ ही कायम स्वरूपाची संस्था स्थापन झाली. मधली काही वर्षे व्यापारी कंपन्यांकडून शुल्क घेण्यात आले. शेवटी २००२ साली जिनीव्हाची संस्था, केंब्रिजजवळची युरोपियन संस्था आणि डेहॉफबाईंचा वारसा सांगणारी अमेरिकन संस्था या तिघी एकत्र आल्या आणि ‘युनिप्रॉट’ हा संयुक्त कोश जन्मास आला. अनेक देशांच्या सार्वजनिक निधीवर तो चालतो आणि तो सर्वांना विनामूल्य खुला आहे. बांधाचा खर्च सर्वांनी मिळून सोसावयाचा आणि पाणी सर्वांनी प्यावयाचे, ही साधी व्यवस्था हाती येण्यास १९६५ पासून सदतीस वर्षे लागली.

दरम्यान शास्त्रज्ञांची रीतही पालटली. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून नियतकालिकांनी एक दंडक घालण्यास प्रारंभ केला: अनुक्रम सार्वजनिक संग्रहात जमा केल्याचा नोंदक्रमांक दाखवा, मगच निबंध छापू. जे पूर्वी विनंतीवर अवलंबून होते, ते कर्तव्य ठरले.

या तळ्याचे पाणी आपल्याही अंगणापर्यंत आले आहे. १९८७ साली पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र स्थापन झाले. तेथील अशोक कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर यांनी १९९० साली एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या माळेतील कोणता भाग शरीराची रोगप्रतिकारशक्ती ओळखील, याचा अंदाज नुसत्या अनुक्रमावरून कसा बांधावा, हे तीत सांगितले आहे. लस शोधणाऱ्यांना असा अंदाज फार मोलाचा. ही पद्धत आज या दोन नावांनीच जगात ओळखली जाते. पूर्वी प्रयोगांनी सिद्ध झालेल्या अशा १५६ भागांची छाननी करून ती बसविलेली आहे. अर्थात, येथेही आधी संग्रह आणि मग सिद्धान्त.

करोनाच्या साथीचे दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. २०२० च्या जानेवारीत त्या विषाणूचा अनुक्रम जगापुढे खुला करण्यात आला आणि त्यातील १२७३ मण्यांचे काटेरी प्रथिन अनेक देशांतील प्रयोगशाळांनी तत्काळ अभ्यासास घेतले. आधीच्या तशाच विषाणूंची प्रथिने संग्रहात होती म्हणून तुलना करता आली; तुलना करता आली म्हणून लस वर्षभरात हाती आली. तो अनुक्रम कोणी तिजोरीत ठेवला असता, तर गेलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत माणसांनी मोजली असती.

अगदी अलीकडची गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. अनुक्रमावरून प्रथिनाचा आकार ओळखणे हे कोडे पन्नास वर्षे सुटले नव्हते. ‘अल्फाफोल्ड’ नावाच्या संगणकीय पद्धतीने ते बऱ्याच अंशी सोडविले आणि २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रथिनांवरील कामाबद्दल मिळाले. वृत्तपत्रांनी त्याला यंत्राच्या बुद्धीचा विजय म्हटले. तो आहेच. परंतु ते यंत्र शिकले कशावरून? अनेक दशकांच्या कष्टाने जमविलेल्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रथिनांच्या आकारांवरून आणि अनुक्रमांवरून. २०२४ साली युनिप्रॉटमधील नोंदी वीस कोटींच्या वर गेल्या होत्या. त्यांतील माणसाने स्वतः वाचून तपासलेल्या नोंदी मात्र साडेपाच लाखांच्या आसपासच आहेत. बाकीच्या यंत्राने लिहिल्या. आणि एखाद्या नोंदीत चूक असेल, तर यंत्र तीच चूक निमूटपणे हजार ठिकाणी उतरविते. म्हणून लेख उघडून, डोळ्यांत तेल घालून पडताळणी करणाऱ्या माणसाची गरज आजही संपलेली नाही.

मार्गरेट डेहॉफ यांना नोबेल मिळाले नाही. त्यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती आता जुन्या ग्रंथालयांतच पाहावयास मिळेल. परंतु आज कोणत्याही देशातील विद्यार्थी एखाद्या प्रथिनाचे नाव संगणकावर टंकतो आणि क्षणार्धात त्याची माळ पडद्यावर उमटते, तेव्हा ती उमटते डेहॉफबाईंच्याच एकाक्षरी लिपीत. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही, दमडीही मोजावी लागत नाही. ही गोष्ट त्याला पाऊस पडतो तितकी सहज वाटते. ती तशी सहज नाही, एवढेच त्या विद्यार्थ्याला कोणीतरी सांगावयास हवे.